हिरव्या तारेचा मदरबोर्ड

१९९६ च्या मे महिन्यात वसुमती नरगुंदकर यांच्या बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर तीन मदरबोर्ड चार दिवस मांडलेले होते आणि घरातली तिघं माणसं जमिनीवर पाट घेऊन जेवत होती. पती रत्नाकर यांची त्याला हरकत नव्हती. ते एका सरकारी प्रयोगशाळेत विमानाच्या पंखांच्या कंपनांवर काम करत आणि तिथे एखादी वस्तू चार दिवसांत टेबलावरून हलली तर ती घाई समजली जाई. मुलगी शमिका येता-जाता एवढंच विचारायची, "आई, पाहुण्यांना चहा ठेवू?"

तिन्ही बोर्ड 'सदर पत्रप्पा रोड' या इलेक्ट्रॉनिक मालाच्या गल्लीतल्या शिवाप्पाच्या दुकानातून आले होते. त्या गल्लीत माल काउंटरवर बघायचा, उचलायचा आणि निघायचं, अशी रीत. मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात. पण वसुमतीबाई काउंटरवर भिंग काढून बसल्या तेव्हा अर्ध्या तासाने शिवाप्पानेच हात जोडले. "अक्का, तीनही घरी न्या. सावकाश बघा. एक ठेवा, दोन आणा. पण माझा काउंटर मोकळा करा."

संगणकातला मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती मोठी पाटी. प्रोसेसर, मेमरी, डिस्कच्या तारा, सगळं तिला येऊन मिळतं. मॉनिटर पुढे बदलता येतो, मेमरी वाढवता येते. मदरबोर्ड चुकला तर सगळं उतरवून पुन्हा मांडावं लागतं. वसुमतीबाईंना हे पक्कं ठाऊक होतं, आणि या वेळी चुकून चालणार नव्हतं.

त्या तेवीस वर्षं एका सरकारी कारखान्यात होत्या. टेलिफोनच्या एक्स्चेंजची यंत्रं तिथे बनत. बाहेरून येणारा माल आधी आवक तपासणी विभागात येई. तिथे टेबलांची रांग होती आणि प्रत्येक टेबलाचं काम ठरलेलं होतं. चार नंबरच्या टेबलावर डोळ्यांनी बघायचं: सोल्डरचा जोड भरलेला आहे का, चकाकतो का, कुठे तडा, कुठे डाग. पाच नंबरवर वीज सोडून माल चालतो की नाही ते बघायचं. वसुमतीबाई तेवीस वर्षं चार नंबरवर होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पाटीवर जोडाचा दोष पुढे कधी निघाला नाही, असं त्या विभागात म्हणत, आणि ते खरं होतं. पाच नंबरवर काय चालतं ते बघायला त्या कधी उठल्या नाहीत. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या टेबलाशी जायचं नसे.

पंचाण्णवच्या अखेरीस कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि आवक तपासणी जवळजवळ रिकामी झाली. वसुमतीबाईंचं वय तेव्हा पंचेचाळीस. घरी बसण्याचा त्यांचा विचार नव्हता. मल्लेश्वरमला संगणक जोडणीचा सहा महिन्यांचा वर्ग होता, निवृत्तीच्या आधीच त्या संध्याकाळी तिकडे जाऊ लागल्या होत्या. वर्गात बाकीची सगळी वीस-बावीसची पोरं. ती त्यांना मॅडम म्हणत, आणि परीक्षेत सोल्डरिंगचं काम त्यांच्याकडून तपासून घेत. वर्ग संपल्यावर त्यांनी एक संगणक घरासाठी जोडला, दोन रत्नाकररावांच्या सहकाऱ्यांना जोडून दिले. चौथा रघुपतींचा.

रघुपती हे भाष्यम सर्कलजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक. घराणं मराठी, पण चार पिढ्या बंगळूरमध्ये गेलेल्या. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं की पुण्याहून नव्याने आलेल्या माणसाला अर्धं कळत नसे. इन्स्टिट्यूटमध्ये बावीस टाइपरायटर होते आणि शिकणारी मुलं दर महिन्याला कमी होत होती. सगळी कॉम्प्युटर, कॉम्प्युटर म्हणत समोरच्या गल्लीत जात. रघुपतींनी ठरवलं, दसऱ्यापर्यंत निम्मा हॉल कॉम्प्युटरचा करायचा.

"अक्का, आधी एक द्या," ते म्हणाले. "महिनाभर पोरं बडवतील. टिकला तर बारा. बाराही तुमच्याकडूनच. मला त्या गल्लीतले लोक नकोत, ते बिल देतात आणि तोंड लपवतात. तुम्ही सही करून द्या की तपासलाय. सरी?"

"सरी, ठीक आहे," वसुमतीबाई म्हणाल्या.

याच सुमाराला दुसरीकडून बोलावणं आलं होतं. वेणुगोपाल नावाचे त्यांचे जुने विभागप्रमुख निवृत्तीनंतर होसकोटेच्या एका खासगी कारखान्यात लागले होते. त्यांना तपासणीच्या टेबलावर भरवशाचं माणूस हवं होतं. जागा पक्की, पगार ठीक. जायचं तर दोन बस बदलून, एका बाजूला दोन तास. जुलैच्या पहिल्या सोमवारपर्यंत कळवा, म्हणाले. वसुमतीबाईंनी घरी सरळ सांगून टाकलं: बारा मशीनचं काम मिळालं तर स्वतःचा धंदा, नाहीतर होसकोटे. रत्नाकररावांनी मान डोलावली. ते अशा बाबतीत मत देत नसत, आणि विचारलं तर आकडे मागत.

तर टेबलावर तीन बोर्ड होते. तिन्ही फोर-एट्टी-सिक्स प्रोसेसरचे. पहिला नाव असलेल्या कंपनीचा, चांगला, पण रघुपतींनी सांगितलेल्या रकमेत बसणारा नव्हता. दुसऱ्याच्या खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं, फक्त एक आकडा आणि वाघाचं चित्र. तिसऱ्याच्या खोक्यावर वाघही नव्हता.

वसुमतीबाईंनी कारखान्यातल्यासारखा तक्ता आखला. बोर्डाची जाडी. भोकांची मापं. स्लॉटची संख्या. जोडांची प्रत, शंभर जोड मोजून. मग डोळ्याला भिंग लावून एकेक रांग.

वाघाचा बोर्ड सुरेख होता. सोल्डर आरशासारखं, एकही थेंब इकडेतिकडे नाही. काळ्या चिपा पट्टीने आखून ठेवाव्यात तशा सरळ रांगेत. प्रोसेसरच्या शेजारी कॅश मेमरीच्या नऊ चिपा, त्यांचे पाय एकसारखे वाकवलेले. चालू करून पाहिला तर पडद्यावर पहिल्याच पानावर अक्षरं उमटली: कॅश २५६ के. तक्त्यात शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "उत्तम".

तिसऱ्या बोर्डावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. त्याच्या पाठीमागे एक हिरवी तार होती. बोटभर लांबीची, केसापेक्षा थोडी जाड, एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत हाताने सोल्डर केलेली. छापताना राहिलेली किंवा चुकलेली वाट नंतर कुणीतरी तारेने पुरी केली होती. कारखान्यात अशी तार दिसली की पुढचं बघायचं नाही, लाल शिक्का मारून परत, असा नियम होता. शिवाय एक दंडगोल कपॅसिटर तिरका बसलेला. त्यांनी तक्त्यात लिहिलं, "ठिगळ. नामंजूर."

रत्नाकररावांनी ती तार चष्मा वर करून बघितली. "बनवणाऱ्याला चूक कळलेली दिसते," ते म्हणाले.

"चूक केली म्हणून तर कळली," वसुमतीबाई म्हणाल्या आणि बोर्ड खोक्यात घातला.

वाघाचे त्यांनी दोन घेतले. एक रघुपतींच्या मशीनमध्ये बसवला. दुसरा पिशवीत घालून, पिशवीवर तारीख आणि सही करून कपाटात ठेवला. ही कारखान्याचीच पद्धत. मंजूर मालाचा एक नमुना सील करून ठेवायचा, पुढे येणारा प्रत्येक माल त्याच्याशी ताडून बघायचा. मशीन दिलं तेव्हा सोबत एक कागद दिला, "तपासून मंजूर", खाली व. न. अशी आद्याक्षरं. रघुपतींनी तो काच लावून भिंतीवर टांगला.

जून महिनाभर मशीन सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत चाललं. एकदाही अडलं नाही. महिनाअखेरीला रघुपती स्वतः घरी आले. उप्पिट्टू खाल्लं, कॉफी घेतली, आणि खिशातून एक छापलेलं पत्रक काढलं. "प्रत्येक कॉम्प्युटर तज्ज्ञांनी तपासलेला" असं त्यावर ठळक अक्षरांत होतं.

"तज्ज्ञ कोण?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"तुम्हीच की. आणखी कोण, माझी म्हातारी?" रघुपती म्हणाले. "बारा करा, अक्का. आयुधपूजेला हळदीकुंकू लावून सुरू करायचेत."

दिवस गुरुवार होता. होसकोटेला उत्तर सोमवारी द्यायचं होतं. वसुमतीबाईंच्या मनात उत्तर तयार झालं होतं.

शुक्रवारी सकाळी त्या शिवाप्पाकडे गेल्या. वाघ संपले होते.

"येणार कधी?"

"येणार नाहीत, अक्का. या गल्लीत एक माल दोनदा येतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? आज वाघ, उद्या सिंह. हा घ्या की." त्याने खालच्या फळीवरून तो वाघ नसलेला खोका काढला. "हे पंचवीस आहेत माझ्याकडे."

"याला ठिगळ आहे."

"असू दे. माझ्या शर्टालाही आहे. चालतो का बघा ना!"

"मी नामंजूर केलाय तो."

"तुम्ही नामंजूर केलात, पण एकही परत आला नाही. पंधरा विकले." शिवाप्पाने खोका त्यांच्या पिशवीत सरकवला. "एक न्या. चालवा. नाही आवडला तर कागदावर लिहून आणा, मी त्या कागदात वडे बांधून खाईन."

त्यांनी बोर्ड घरी आणला तो चालवण्यासाठी नव्हे. नामंजुरीची कारणं नीट लिहून देता यावीत म्हणून. नमुना कपाटातून काढला, दोन्ही शेजारी ठेवले, आणि कागद घेतला. त्यांनी दोनच कारणं लिहिली होती, तेवढ्यात रत्नाकरराव प्रयोगशाळेतून आले.

"दोन्हीवर एकच काम चालवून बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"चालतात दोन्ही. सुरू होतात."

"सुरू होणं निराळं. काम किती वेळात होतं?"

त्यांच्याकडे एका फ्लॉपीवर कंपनांचं गणित करणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. शनिवारी सकाळी दोघांनी टेबलावर उघड्या अंगाचं मशीन मांडलं. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, डिस्क तीच. फक्त खालचा बोर्ड बदलायचा. आधी वाघ. रत्नाकरराव घड्याळ घेऊन बसले. पाच मिनिटं आठ सेकंद. मग सगळं उतरवून हिरव्या तारेच्या बोर्डावर चढवलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

"पुन्हा," वसुमतीबाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. पाच-आठ, चार-अकरा. तिसऱ्यांदा केलं. एका सेकंदाचा फरक पडला, तोही वाघाच्या विरुद्ध.

कॅश मेमरीचं काम स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखं असतं. हळद, तिखट, मोहरी लागेल तेव्हा कोठीच्या खोलीत जायचं नाही, हाताशी असलेल्या डब्यातून घ्यायची. डबा नसला तरी स्वयंपाक होतो, पण दर फोडणीला एक खेप पडते. वाघाच्या बोर्डावर डबा होता. पडदाही सांगत होता की डबा आहे. तरी काम चाललं होतं ते खेपा घालून.

वसुमतीबाईंनी भिंग लावलं. या वेळी त्यांनी जोड बघितले नाहीत. त्या नऊ चिपांच्या पायांपासून तांब्याच्या वाटा कुठे जातात ते बघितलं. कारखान्यात ते बघायची गरज नसे. वाटा नकाशाप्रमाणेच असणार, नकाशा वरच्या मजल्यावरच्या लोकांचा. एका पायापासून वाट निघत नव्हती. दुसऱ्यापासून निघत नव्हती. त्यांनी बोर्ड उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. नऊ चिपांचे पाय भोकांत घालून सुरेख सोल्डर केले होते आणि बहुतेक पाय कुठेच जोडलेले नव्हते.

त्यांनी एक चिप उपटली आणि कानशीने घासायला घेतली. चिपेच्या पोटात सिलिकॉनचा तुकडा असतो, करड्या काचेसारखा चमकणारा. त्या निम्म्यापर्यंत गेल्या, मग आरपार गेल्या. आत काळं प्लॅस्टिक. बाहेर काळं प्लॅस्टिक. पडद्यावरचा आकडा हा नुसता लिहून ठेवलेला मजकूर होता, बोर्ड सुरू झाला की तो उमटायचा.

"इतकं सुबक सोल्डर," रत्नाकरराव म्हणाले. "खोट्या चिपेला."

"खऱ्यासारखं दिसायचं तर खऱ्यापेक्षा चांगलं करावं लागतं," वसुमतीबाई म्हणाल्या. कानशीची काळी पूड त्यांनी कागदावर गोळा केली आणि घडी घातली. मग म्हणाल्या, "मी सही केलीय."

अडचण अशी होती. हिरव्या तारेचे बोर्ड घेऊन बारा मशीनं बिनधोक देता आली असती. पहिल्या मशीनबद्दल रघुपतींना कधी कळलं नसतं. टाइप करणारी मुलं मिनिटाला तीस शब्द मारतात, तेवढ्याला कॅश असली काय, नसली काय. मशीन उत्तम चाललं होतं. सांगितलं तर मात्र भिंतीवरचा काच लावलेला कागद खोटा ठरत होता, पत्रकातला तज्ज्ञ खोटा ठरत होता, आणि बारांचं काम जाण्याची शक्यता होती. ते गेलं तर सोमवारी होसकोटे.

रत्नाकररावांनी दोन्ही बाजू मांडल्या, प्रयोगशाळेत मांडत तशा, आणि थांबले.

"तुमचं मत काय?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"आधी शिवाप्पाला माहीत होतं का ते बघ."

शिवाप्पाला माहीत नव्हतं. घासलेली चिप त्याने तळहातावर घेतली, नखाने खरवडली, शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दाखवली. दोघं कानडीत एकमेकांना बरंच काही बोलले, त्यातलं थोडंच छापण्यासारखं होतं. मग तो म्हणाला, "अक्का, खोक्यावर लिहिलंय ते मी वाचतो आणि विकतो. माझ्याकडे भिंग कुठे आहे? पण बदलून देतो. दोन्ही. ती हिरवी तार घ्या, एक पैसा नको." आणि त्या वळल्यावर मागून म्हणाला, "त्या टायपिंगवाल्याला कशाला सांगता? तो काय चिप घासणार आहे?"

रविवारी सकाळी इन्स्टिट्यूटला सुट्टी असते, पण रघुपती तिथेच असतात. टाइपरायटरच्या रिबिनी बदलतात, अक्षरं ब्रशने घासतात. वसुमतीबाई गेल्या तेव्हा ते बनियनवर होते. घाईघाईने शर्ट चढवला.

"या अक्का, स्वल्प बसा. बारा आणले काय?"

"एक परत न्यायला आलेय."

त्यांनी सगळं सांगितलं. कागदाची घडी उलगडून पूड दाखवली, घासलेली चिप दाखवली. रघुपतींनी ती उजेडात धरली.

"म्हणजे यात काही नाही?"

"काही नाही."

"आणि मशीन चालतंय."

"चालतंय. व्हायला हवं त्यापेक्षा हळू."

"माझ्या पोरांपेक्षा हळू?"

"नाही."

"मग तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कसं कळलं असतं?"

"कळलं नसतं."

रघुपती उठले, भिंतीवरचा काच लावलेला कागद काढला, टेबलावर पालथा ठेवला. "हे काय केलंत हो, अक्का," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण ते बसलेही नाहीत. "पाचशे पत्रकं वाटलीत मी. तज्ज्ञांनी तपासलेला! लोकांना मी आता काय सांगू, तज्ज्ञांनी प्लॅस्टिक तपासलं? काय तपासलंत मग तुम्ही?"

"जोड."

"जोड चांगले आहेत?"

"फार चांगले आहेत."

रघुपतींना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "तेवीस वर्षं नोकरी केलीत म्हणता. तिथे असंच करत होता?"

"तिथे पुढच्या टेबलावर दुसरी बाई होती. माल चालतो का ते ती बघायची. मी बघितलं की माझं काम संपायचं." वसुमतीबाईंनी पुडीच्या कागदाची घडी पुन्हा घातली. "घरी पुढचं टेबल नव्हतं, ते माझ्या लक्षात आलं नाही."

रघुपती खिडकीशी गेले. बाहेरून कोणी तरी हाक मारली, त्यांनी हात हलवून नंतर या म्हणून सांगितलं. परत आले तेव्हा मालकाच्या आवाजात बोलले.

"बारा नाही. सहा."

"बरं."

"उरलेले सहा पोरांच्या परीक्षेनंतर बघू. कुणाकडून घ्यायचे तेही तेव्हाच बघू."

"बरं."

"आणि सही-बिही नको मला आता. प्रत्येक मशीन इथे आणायचं, माझ्यासमोर उघडायचं, तुमच्या साहेबांचा तो हिशोब का काय तो लावायचा आणि मी घड्याळ घेऊन बसणार. पोरंही बघतील. हळू चाललं की त्याच पावली परत. चालेल?"

"चालेल," वसुमतीबाई म्हणाल्या. "पण एकदा नाही, तीनदा लावायचा. एकदा लावून काही कळत नाही."

"बघा, आता मलाच शिकवतात," रघुपती त्या रिकाम्या हॉलला उद्देशून म्हणाले.

त्याच दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पहिल्या मशीनमधला वाघ उतरवून हिरव्या तारेचा बोर्ड बसवला. रघुपतींनी घड्याळ धरलं. तिन्ही वेळा आकडा लिहून घेतला, स्वतःच्या टाइपरायटरवर, तीन प्रतींत.

घरी आल्यावर रत्नाकररावांनी विचारलं, "सहा म्हणजे किती दिवसांचं काम?"

"महिन्याभराचं. ओढून ताणून दीड."

"त्यानंतर?"

"माहीत नाही."

त्यांनी आणखी आकडे मागितले नाहीत.

सोमवारी सकाळी नऊ वाजता वसुमतीबाई कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये गेल्या. होसकोटेचा नंबर तिसऱ्या प्रयत्नाला लागला. वेणुगोपाल कानडीत बोलत, जुन्या सवयीने थोडं मोठ्याने, जणू मध्ये कारखान्याचा आवाज आहे.

"कधीपासून येताय?"

"सर, एक विचारायचं होतं. माझ्या टेबलावर माल चालवून बघता येईल?"

"चालवून? तुम्हाला कशाला चालवायला लागतंय? ते वेगळं खातं आहे. तुम्ही फक्त बघायचं. तुमची नजर हवी आहे मला, हात नकोत."

"दोन्ही मला एकाच टेबलावर करायचंय."

"तसं इथे होत नाही. जबाबदारी कुणाची ते कळत नाही मग." लगेच त्यांनी विचारलं, "बाहेर काही मोठं काम मिळालंय का?"

"सहा मशीनं."

"सहा? नरगुंदकरबाई, सहा मशीनं म्हणजे काम नव्हे. मी गुरुवारपर्यंत जागा ठेवतो, घरी विचारा."

"नको सर. जागा भरून टाका. थांबवू नका."

वेणुगोपाल यांनी आणखी दोनदा विचारलं, मग तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. बूथवाल्याने यंत्रातून निघालेली चिठ्ठी फाडून दिली. वसुमतीबाईंनी सुटे पैसे दिले, पिशवीत भिंग आणि फ्लॉपी आहे का ते चाचपलं आणि बाजाराकडे जाणाऱ्या मॅजेस्टिकच्या बसची वाट बघत स्टॉपवर उभ्या राहिल्या.

साडेदहाला शिवाप्पाने शटर उघडलं तेव्हा त्या दारातच होत्या. त्यांना सहा बोर्ड हवे होते. त्यासाठी त्यांनी अकरा खोके उघडायला लावले, आणि काउंटरवर एक जुनं मशीन मांडून, मागे उभ्या गिऱ्हाइकांना बाजूला व्हायला सांगून, प्रत्येक बोर्डावर फ्लॉपी चालवली. दोन वाजले तरी चारच झाले होते. शिवाप्पाने जेवणाचा डबा उघडला, चित्रान्नाचा वाटा झाकणात काढून त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "अक्का, उद्यापासून तुम्ही दुकान उघडत चला, मी दुपारी येतो."

"पाचवा आणा," वसुमतीबाई म्हणाल्या.